लोकरीचे गोंडे आणि झुपके: वेढे, गाठ, छाटणी

मराठीत गोंडा म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक बाळाच्या टोपड्यावरचा गोल, झेंडूसारखा भरगच्च गोळा. कोकणात झेंडूच्या फुलालाच गोंडा म्हणतात, ते उगीच नाही. दुसरा साडीच्या पदराला, ब्लाउजच्या नाडीला किंवा पोळ्याच्या बैलाच्या शिंगाला लोंबणारा. साहित्य एकच, पण काम उलटं. गोल गोंड्यात धागे मधोमध बांधून चहूबाजूंनी फुलवायचे असतात. लोंबत्या गोंड्यात ते एका टोकाला बांधून सरळ खाली सोडायचे असतात. म्हणूनच एकाला उत्तम ठरलेली लोकर दुसऱ्याला चालेलच असं नाही. गोंधळ नको म्हणून इथे गोल तो गोंडा आणि लोंबता तो झुपका.

लोकर कुठली घ्यावी

दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. गोंड्याला ती वाईट नाही. स्वस्त असते, रंग पक्के असतात, लवकर सुकते. खात्री करायची असेल तर दोन इंच तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवा. ॲक्रिलिक वितळतं आणि मागे काळा कडक मणी उरतो. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, तिची राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळून करडी, मऊ राख होते. ही परीक्षा वाफेच्या वेळी कामाला येते, त्याबद्दल पुढे.

गोंड्याला हवी सैल पिळाची, मध्यम जाडीची लोकर. कापल्यावर तिच्या टोकाचे पदर उलगडतात आणि त्या उलगडण्यानेच गोंडा भरीव दिसतो. क्रोशाचा चकचकीत सुती दोरा घट्ट पिळाचा असतो, तो कापला तरी उलगडत नाही. त्याचा गोंडा केला तर भांडी घासायचा ब्रश दिसतो. झुपक्याला मात्र हाच दोरा सरस, कारण तो जड असतो आणि सरळ पडतो. मखमली लोकर दोन्हींसाठी टाळावी. कापलेल्या प्रत्येक टोकातून तिची लव झडत राहते.

जुना स्वेटर उसवून निघालेली लोकर वळवळीत असते. गोंड्याला ती तशीच वापरा, वळ्यांमुळे उलट जास्त फुलते. झुपका करायचा असेल तर आधी तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि खाली हलकं वजन अडकवून वाळवा. नाहीतर झुपका कुरळ्या शेपटासारखा वर उचलला जातो.

बाकी सामान थोडंच. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, कंपास, दाभण, जाड दातांचा कंगवा आणि टोकदार, धारदार कात्री. कागद कापायची कात्री इथे आणू नये. बोथट पात्यात लोकर कापली जाण्याऐवजी दुमडते आणि गोंडा कुरतडल्यासारखा होतो. बांधायला लोकर न वापरता क्रोशाचा सुती दोरा दुहेरी घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा. मेणामुळे गाठ घसरत नाही. लोकरीनेच बांधायला गेलं की जोर लावल्यावर ती ताणते, नाहीतर तुटते, आणि तीही नेमकी सगळे धागे सुटे झाल्यावर.

पुठ्ठ्याच्या कड्यांवरचा गोंडा

सर्वांत गोल गोंडा याच पद्धतीने होतो. पुठ्ठ्याची ७.५ सें.मी. व्यासाची दोन वर्तुळं कापा, दोन्हींच्या मधोमध २.५ सें.मी. व्यासाचं भोक पाडा. उरते ती २.५ सें.मी. रुंदीची पट्टी. गोंड्याचं माप ठरतं ते या पट्टीवरून, बाहेरच्या व्यासावरून नाही. सर्वांत आतला वेढा कापल्यावर त्याचा तुकडा पट्टीच्या दुप्पट, म्हणजे ५ सें.मी. निघतो. वरच्या थरांचे तुकडे त्याहून लांब निघतात. छाटताना सगळे आखूड तुकड्यांच्या मापाला आणावे लागतात, म्हणून तयार गोंडा ४.५ ते ५ सें.मी.चा होतो. ७.५ सें.मी.चं कडं केलं म्हणजे तेवढाच गोंडा मिळेल, या समजुतीने बरीच लोकर वाया जाते.

दोन्ही कड्यांना बाहेरून भोकापर्यंत अर्धा सें.मी. रुंदीची एक चीर द्या. त्या चिरेतून लोकर सरकवता येते, दरवेळी सुईने भोकातून ओवावी लागत नाही. कडी एकमेकांवर ठेवून चिरा जुळवा आणि लोकर गुंडाळायला लागा. लोकरीची दोन टोकं एकत्र धरली तर वेळ निम्मा लागतो. वेढे शेजारी शेजारी, ताण न देता घ्या. ताणून गुंडाळलेली लोकर कापल्यावर आखडते आणि माप चुकतं. एक फेरी झाली की त्यावर दुसरी, मग तिसरी. चिरेजवळ वेढे विरळ पडतात, तिथे शेवटी थोडे जास्त घ्या.

किती वेढे? मधलं भोक जवळजवळ बुजेपर्यंत. ५० ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे १०० मीटर भरणारी मध्यम लोकर धरली तर २०० ते २५० वेढे लागतात, म्हणजे १२ ते १५ मीटर, वजनात ६ ते साडेसात ग्रॅम. एका गोळ्यात सहा ते आठ गोंडे. एकसारखे अनेक गोंडे करायचे असतील तर वेढे मोजत बसण्यापेक्षा लोकर वजनकाट्यावर तोलून तिचे गोळे आधीच वेगळे करा. मध्येच कोणी हाक मारली तरी मोजणी चुकायची भीती राहत नाही.

वेढ्यांत काटकसर करू नका. शंभर वेढ्यांचा गोंडाही बांधला की गोल दिसतो, पण हात फिरवला की मधली गाठ लागते. मग ती झाकायला धागे लांब ठेवावे लागतात आणि तो विस्कटलेलाच दिसतो. भरीव गोंडा हवा तर धागे जास्त हवेत.

आता कात्रीचं टोक बाहेरच्या कडेला दोन कड्यांच्या मध्ये घाला आणि सभोवार कापत जा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मधला भाग दाबून ठेवा. ४० सें.मी.चा मेण लावलेला दुहेरी दोरा दोन कड्यांच्या मध्ये सरकवून पहिली गाठ मारा, मात्र नेहमीसारखा एक पीळ न देता दोन पीळ द्या. दोन पिळांची गाठ ओढल्यावर जागीच धरून राहते, दुसरी गाठ मारेपर्यंत बोट दाबायला माणूस लागत नाही. ती गच्च आवळा, दोरा उलट बाजूला नेऊन तिथे पुन्हा दोन पिळांची गाठ मारा आणि त्यावर एक साधी. मगच कडी चिरेतून वाकवून काढा. नीट काढली तर एक जोडी आठ-दहा गोंड्यांना पुरते.

तयार गोंड्यातला एक धागा चिमटीत धरून ओढून पाहा. तो निसटून आला तर गाठ सैल आहे. वरून डिंक किंवा फेव्हिकॉल ओतून ती सुधारत नाही, गोंद वाळून मध्ये कडक गोळी होते आणि आजूबाजूचे धागे चिकटतात. दाभणात तसाच दोरा ओवून त्याच जागी दुसरा वेढा घालावा आणि आवळावा, हाच उपाय.

छाटणी आणि वाफ

कड्यातून सुटलेला गोंडा ओबडधोबड असतो, बाजू फुगीर, मध्ये खाच. इथे बरेच जण हात आखडता घेतात. खरं तर छाटणीत वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा जातो आणि जायलाच हवा. बांधलेल्या दोऱ्याची लांब टोकं बाजूला धरा, ती चुकून कापली गेली तर गोंडा टाचायला काही उरत नाही. आधी गोंडा तळहातांत लाडवासारखा वळा, धागे आपापल्या जागी येतात. मग ४.५ सें.मी.च्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या दोन्ही बाजूंना दाबून धरा आणि त्यांच्या कडेने जादा लोकर कापा. चकत्या काटकोनात फिरवून पुन्हा तेच. शेवटी चकत्या काढून गोंडा हातात फिरवत बारीक बारीक कापा, प्रत्येक वेळी झटकून. एकाच जागी मोठी कात्री चालवली की तिथे सपाट टक्कल पडतं आणि मग बाकीचा सगळा गोंडा तेवढा लहान करावा लागतो.

शेवटी वाफ. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर गोंडा दोऱ्याने किंवा चिमट्याने धरा, भांड्याच्या तोंडापासून एक वीत वर, पाच ते दहा सेकंद. धाग्यांची टोकं फुलतात, कात्रीच्या खुणा मिटतात, मग जी टोकं बाहेर येतील तेवढी छाटायची. खरी लोकर जास्त वाफ सोसते. ॲक्रिलिक मात्र जास्त तापलं की लुळं पडतं आणि पुन्हा कधीच उभं राहत नाही. त्यावर इस्त्री टेकवायची तर नाहीच. आणि हात भांड्यावर न्यायचा नाही, वाफेने भाजतं.

कापलेले तुकडे उशीत किंवा टाचणीच्या गादीत भरता येतात. चिमण्यांना घरट्यासाठी म्हणून गच्चीवर टाकू नका, न तुटणारा कृत्रिम धागा पिलांच्या पायांत अडकतो.

रंग कुठे उमटतो

कड्यावर सर्वांत आधी गुंडाळलेला रंग गोंड्याच्या कमरेला, म्हणजे गाठीच्या पट्ट्यालगत येतो. सर्वांत शेवटी गुंडाळलेला दोन्ही माथ्यांवर येतो. एवढं लक्षात ठेवलं की नक्षी आधीच आखता येते. केशरी आणि त्यावर शेवटी पिवळा घेतला तर पिवळ्या माथ्याचा झेंडू होतो. कड्याचा अर्धा भाग लाल आणि अर्धा पांढरा गुंडाळला तर गोंडा उभा दुरंगी होतो. दोन रंगांचे धागे एकत्र गुंडाळले तर सगळीकडे ठिपके. लाल-पांढऱ्यात एक खबरदारी: लाल लोकर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती लोकर पांढऱ्याजवळ नेऊ नका.

लहान गोंडे आणि घाऊक गोंडे

कानातल्याला किंवा राखीला लागणारे अडीच सें.मी.चे गोंडे जेवणाच्या काट्यावर होतात. चार दातांवर ४० ते ५० वेढे घ्या, मधल्या फटीतून दोरा घालून आवळा, काट्यावरून सरकवून दुसऱ्या बाजूने पुन्हा बांधा आणि दोन्हीकडचे फास कापा. एखादा फास कापायचा राहतोच, म्हणून छाटण्याआधी सुईने उलगडून बघावं.

तोरणासाठी वीस-तीस गोंडे हवे असतील तर कडी घेऊन बसणं म्हणजे शिक्षा. स्टूल उलटं ठेवा आणि ६० सें.मी. अंतरावरच्या दोन पायांभोवती लोकरीच्या १०० फेऱ्या घ्या. दोन्ही बाजू एकत्र धरल्या की २०० धाग्यांचा लांब पेळू तयार होतो. पायांवर असतानाच त्याला दर ६ सें.मी.वर गच्च गाठ मारा, पहिली पायापासून ३ सें.मी. सोडून, आणि मग प्रत्येक दोन गाठींच्या बरोबर मध्ये कापा. दहा गोंडे, सुमारे १२० मीटर म्हणजे ६० ग्रॅम लोकर. गुंडाळताना हात सैल ठेवा. शंभर फेऱ्यांचा ताण मिळून स्टुलाचे पाय आत ओढले जातात आणि शेवटच्या फेऱ्या आखूड पडतात. गाठ मात्र तिथेच, पेळू ताणलेला असतानाच मारायची. स्टुलावरून काढलेला सैल पेळू कितीही आवळला तरी पुरेसा आवळत नाही. हे गोंडे कड्यावरच्याइतके गोल होत नाहीत, छाटणी जास्त लागते. दारावर सहा फूट उंचीवर कोणी ते मोजायला येत नाही.

झुपका

८ सें.मी.चा झुपका करायचा तर ९ सें.मी. उंचीचा पुठ्ठा घ्या. जादाचा एक सें.मी. छाटणीचा. मध्यम लोकरीचे ४० वेढे, म्हणजे खाली ८० धागे, वजन साडेतीन-चार ग्रॅम. वेढे एकावर एक चढवू नका, दोन-तीन सें.मी. रुंदीत पसरा. चढवलेले वेढे बाहेरून लांब होतात आणि खालची कड पायरीसारखी निघते. वरच्या कडेखालून ३० सें.मी.चा दोरा ओवून दोन पिळांची गाठ मारा, याची टोकं झुपका टांगायला उपयोगी पडतात. मग खालची कड कापा.

आता मान. वरून दीड सें.मी.वर ती बांधली की आठ सें.मी.च्या झुपक्याला डोकं शोभतं. फार खाली बांधली तर डोकं जड आणि घागरा तोकडा दिसतो. डोकं गोल हवं असेल तर टांगायच्या दोऱ्यात १० मि.मी.चा लाकडी मणी ओवून तो धाग्यांच्या मध्ये बसवा आणि मान त्याच्या खाली बांधा.

नुसती गाठ मारून मान बांधली की गाठ दिसते आणि काही दिवसांनी घसरते. त्याऐवजी अशी बांधा. ५० सें.मी. दोरा घ्या. त्याचं एक टोक दुमडून ४ सें.मी.चा फास करा आणि तो झुपक्यावर आडवा न ठेवता उभा ठेवा, फासाचा वाक खाली आणि आखूड टोक डोक्याच्या वर. आता लांब टोकाने फासावरूनच वरून खाली आठ-दहा घट्ट वेढे घ्या, वाक मात्र वेढ्यांच्या खाली दिसत राहू द्या. लांब टोक त्या वाकातून घाला आणि वरचं आखूड टोक हळू ओढा. वाक वेढ्यांच्या आत ओढला जातो आणि दोन्ही टोकं आतच अडकतात. वाक निम्म्यापर्यंत गेला की थांबा. ओढत राहिलात तर तो वरून बाहेर येतो आणि सगळी मान उलगडते. दोन्ही टोकं वेढ्यांलगत कापा. बाहेर एकही गाठ दिसत नाही.

खालची कड एकसारखी करायला कात्रीचा अंदाज कामाचा नाही. झुपका विंचरून त्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा, पट्टीची कड ज्या उंचीवर कापायचं तिथे आणा आणि कागदाच्या कडेने एका दमात कापा.

पदराचे आणि ब्लाउजच्या लटकनांचे झुपके रेशमी दोऱ्याचे होतात. दुकानातला रेशमी दोरा पुष्कळदा रेयॉन असतो. तो गुळगुळीत, त्यामुळे मानेतून घसरतो आणि सुटा झाला की फिसकारतो. पुठ्ठा ५ सें.मी., वेढे ५०-६०, मान मेणाच्या दोऱ्याने. तयार झाल्यावर ओल्या बोटांनी सरळ करून कागदाच्या पट्टीत गुंडाळा आणि रात्रभर वाळू द्या. ओला असताना ओढू नका, रेयॉन पाण्यात कमजोर पडतं. साडीचा पन्हा साधारण ११५ सें.मी. धरला तर दर अडीच सें.मी.ला एक याप्रमाणे ४६ झुपके लागतात. एवढे जमणार नसतील तर अंतर ५ सें.मी. करा. झुपके बारीक करून संख्या भरू नका, बारीक झुपका पदराला धागा निघाल्यासारखा दिसतो.

लावायचं कुठे आणि कसं

गोंडा ओवताना दाभण बरोबर गाठीच्या पट्ट्यातून, गाभ्यातून आरपार गेली पाहिजे. नुसती धाग्यांतून गेली तर गोंडा दोरीवर घसरत एका बाजूला जमतो. ओवल्यावर प्रत्येकाच्या खाली दोरीला एक गाठ मारा. तोरणाची दोरी सुती घ्या. लोकरीची साखळी विणून केलेली दोरी वजनाने महिनाभरात मध्ये झोळ खाते. ९० सें.मी.च्या दाराला ११ झुपके ९ सें.मी. अंतराने बसतात आणि प्रत्येकाच्या वर एक गोंडा.

बाळाच्या टोपड्यावर गोंडा बांधू नका, शिवा. बांधलेल्या दोऱ्याची दोन्ही टोकं टोपड्यात ओवा, आतून सपाट बटणाच्या दोन भोकांतून काढा आणि गाठ मारून टोकं विणीत दडवा. बटणामुळे वीण ताणत नाही. जी लोकर झडते ती बाळाच्या वस्तूवर नको, आणि लांब झुपके, नाड्या तर मुळीच नकोत, त्या गळ्याशी अडकतात, तोंडात जातात.

पोळ्याच्या किंवा कोल्हापूर-सांगलीकडच्या बेंदराच्या बैलांसाठी माप मोठं, झुपका १५ सें.मी.चा आणि वेढे १०० तरी. पाऊस असतोच, तेव्हा इथे ॲक्रिलिकच बरं. कच्च्या रंगाचं सूत भिजलं की पांढऱ्या बैलाच्या कपाळावरून गुलाबी ओघळ येतात. शिंगांचा रंग पुरता वाळल्यावरच झुपके बांधा, नाहीतर लोकर रंगात चिकटते. म्होरकीवर किंवा कपाळपट्टीवर लावताना तार, टाचणी, काचेचे मणी वापरू नका, डोळ्याला लागतं. आणि मिरवणूक आटोपली की झुपके त्याच संध्याकाळी उतरवा. बैल एकमेकांना चाटतात, दावणीला लोकर चघळतात, आणि पोटात गेलेली लोकर विरघळत नाही.

उतरवलेले गोंडे-झुपके धुवायचे तर कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून दाबून धुवा. पिळू नका. टॉवेलात दाबून सावलीत वाळवा, झुपके उलटे न ठेवता टांगून. वाळल्यावर गोंड्याला पुन्हा पाच सेकंद वाफ आणि जी टोकं बाहेर आली असतील त्यांना कात्री.